रॉवरचा चंद्र

मीटरचं रीडिंग घेत हिंडलो सदतीस वर्षं,
जुना जालना, नवा जालना, मधे कुंडलिका.
लोकांच्या घरात शिरायची सरकारी परवानगी होती मला.
हात आकडे टिपायचा, नजर मात्र
फडताळात, ट्रंकेच्या तळाशी,
पिठाच्या डब्याखाली अंथरलेल्या कागदावर.

पहिलं सापडलं मीटरच्याच फळीमागं,
झुरळांनी कडा कुरतडलेलं.
गुलाबी कागद, निळी शाई,
एक गिटार, जी ब्लॉक करणाऱ्यानं कधी पाहिली नसावी,
तिला वीणेसारखा भोपळा होता.
आणि खाली ठसठशीत लाकडी खिळ्यांत
राक आणि रोल.
दि थंडरबोल्ट, जालना. जिनिंगचे पटांगण.
शनिवारी रात्री साडेनऊला.
स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी सोय.

राक.
छापखान्यात काना होता, चंद्र नव्हता.
कुणीतरी टाकानं, हातानं
काढला होता तो कान्याच्या डोक्यावर.

तेव्हापासून लागलं हे येड.
भोकरदन, परतूर, सेलूपर्यंत गेलो रविवारचे.
भिंतीवरची सगळी शेळ्यांनी खाल्ली,
खळ ज्वारीच्या पिठाची होती ना.
मुकीतभाई रद्दीवाले म्हणायचे,
"बकरी को गाने की समझ है मियाँ,
इलेक्शन के पर्चे को मुँह नहीं लगाती."
एक भूमितीच्या वहीचं कव्हर झालेलं.
एकाच्या पाठीवर लग्नाचा हिशेब,
साखर, रवा, वाजंत्री,
आत्याला लुगडं, आणि त्यावर काट.
काही घरांत मलाच अर्धचंद्र मिळाला,
"मीटर भाईर हाय, आत काय बघायलात?"
बायको म्हणाली, लोक प्लॉट घेतात,
तुम्ही होऊन गेलेल्या कार्यक्रमाची निमंत्रणं गोळा करायलात.
बरोबर आहे तिचं.

एकवीस झाली.
एका रात्री फरशीवर मांडली, पंखा बंद करून.
अक्षरं तीच, चंद्र निरनिराळे.
काही ईदच्या आदल्या संध्याकाळसारखे, बारीक, जपून.
काही कलंडलेले, एक तर घसरून क वर बसलेला.
आणि एकावर नाहीच,
नुसता राक.

मिशन कंपाउंडात एस्तेर शिनगारे राहतात, रिटायर्ड नर्स.
गिटारवाला रूबेन त्यांचा मोठा भाऊ.
"दोनशे होती," त्या म्हणाल्या,
"सकाळी मिडवायफरीचा पेपर, आणि हा म्हणतो, एवढे चंद्र लाव."
मग चष्मा पुसून त्यांनी माझी एकवीस लावली
पत्त्यांसारखी, भराभर, त्यांच्या क्रमानं.
हे जेवणाआधीचं.
हे चहानंतरचं.
हे कंदिलाची काच तडकली तेव्हाचं.
हे आई ओरडली, झोपा आता, त्यानंतरचं.
मी इतकी वर्षं सापडलं तशी नंबर घालत होतो.

"आणि कार्यक्रम?"
"लाइट गेली. नऊ पन्नासला."
माझ्याकडं असं बघितलं, जणू फ्यूज मीच काढला.
"सहासात लोक थांबले म्हणे अंधारात.
रूबेन नुसता टाळ्यांवर गायला.
मला काय माहीत? मी घरी झोपले होते.
पेपर देऊन आले, ते दुसऱ्या सकाळपर्यंत झोपले."

मग ते बिनचंद्राचं उचललं त्यांनी.
"हे राहिलंच की. पेन आहे का?"

असल्या कागदाला हात लावू द्यायचा नसतो.
एवढं तरी शिकलो होतो सदतीस वर्षांत.
खिशात निळं पेन होतं, टोपण बाहेर दिसत होतं.
मी म्हणालो, शाई संपली.

त्या काही बोलल्या नाहीत. नर्स होत्या,
कोण खोटं कळवळतंय ते जन्मभर ओळखलेलं.
कागद तेवढा सरळ केला, घडीवरून नख फिरवून,
आणि आत गेल्या चहा टाकायला.

गुरुवारी पुन्हा बोलावलंय.
पोस्टर नेणार आहे.
पेनाचं अजून ठरलं नाही.